सपाट की शीग?

खरे प्रेम काळ, अंतर आणि ऋतू यांच्या पलीकडचे असते. भानुमतीचे मात्र एप्रिलच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंतच होते. कारण उरलेले साडेसहा महिने सचिवालय ग्वाल्हेरला असे.

त्या काळी मध्यभारत नावाचे राज्य होते आणि त्याला दोन राजधान्या होत्या. इंदूरकरांना ग्वाल्हेर पटेना, ग्वाल्हेरकरांना इंदूर पटेना, तेव्हा उन्हाळ्यात इंदूर आणि हिवाळ्यात ग्वाल्हेर असा तोडगा निघाला. वर्षातून दोनदा कपाटे, फायली, दौती आणि कारकून असा सगळा संसार आगगाडीत चढे. पेट्यांवर नंबर घातलेले असत. कारकुनांवर नसत, म्हणून वाटेत हरवायचे तर तेच हरवत.

त्यातलाच एक उदयसिंह. पुरवठा खात्यात वजनकाटे तपासणारा कारकून, मूळचा ग्वाल्हेरचा. नाव तलवार उपसणाऱ्याचे, हातात तराजू. वय अठ्ठावीस, मान किंचित वाकलेली—काट्याकडे बघून बघून.

त्रेपन्न सालचा एप्रिल संपत आला होता. इंदुरात बड़ा गणपतीजवळच्या रेशनच्या दुकानापुढे रांग होती, ऊन डोक्यावर होते, आणि भानुमती दुकानदाराला विचारत होती, "भैयाजी, साखर तीन वाट्या म्हणजे किती छटाक?"

"बाई साब, यहाँ वाटी-फाटी नी चले. कारड पे जो लिख्यो है वो लो, आगे बढ़ो."

तराजूमागे वाकलेला माणूस पारड्यात सरकारी वजन ठेवत होता. त्याने मान वर केली.

"कसली?"

"साखर," भानुमती म्हणाली.

"साखर कळली. वाटी कसली?"

"पितळेची."

"तसं नाही... म्हणजे केवढी?"

भानुमतीने तळहाताची ओंजळ करून दाखवली. त्याने त्या ओंजळीकडे सरकारी कामाला लागतो त्यापेक्षा जरा जास्तच वेळ पाहिले.

"आणि भरायची कशी?" तो म्हणाला. "सपाट की शीग?"

मागच्या बायका खोळंबल्या होत्या. कुणीतरी म्हणाले, "अहो, साखर घ्यायची आहे की मुलगी बघायची आहे?" भानुमतीचे कान तापले. उन्हानेही तापले असतील, ऊन होतेच.

तिची अडचण खरी होती. आई जाऊन तीन वर्षे झाली होती. मागे उरली एक लाल पुठ्ठ्याची वही, तीत बावीस पदार्थ, आणि त्यांचे सगळे जिन्नस मापात. रवा मापटे एक, साखर वाट्या तीन, डाळ चिपटे दोन. दक्खनेतून शंभर वर्षांपूर्वी आलेली घरे आपली मापटी, चिपटी बरोबर घेऊन आली होती आणि माळव्याच्या बाजारात सगळे मिळत होते शेर-छटाकाने; सोळा छटाकांचा एक शेर. आई होती तोवर काही अडले नाही, कारण आई वहीत बघतच नसे. आता वही होती आणि आई नव्हती. गेल्या दिवाळीचे रव्याचे लाडू फोडायला आबांनी खलबत्ता मागवला होता. आबा म्हणजे तिचे वडील, प्रतापराव; होळकरांच्या फौजेतले निवृत्त सुभेदार. लाडूकडे बघून ते एवढेच म्हणाले होते, "तोफखाना बंद केला सरकारने. घाई केली."

रांगेतून बाजूला येऊन तिने हे त्या कारकुनाला सांगितले. का सांगितले, ते तिलाही कळले नाही. तो मात्र हसला नाही. त्याचा चेहरा, चार वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच कुणीतरी योग्य प्रश्न विचारला, असा झाला.

"शेर म्हणजे वजन, मापटं म्हणजे जागा," तो म्हणाला. "मापटंभर बेसन आणि मापटंभर साखर एका वजनाची कशी असेल? बेसनात निम्मी हवा असते. प्रत्येक जिन्नस वेगळा तोलावा लागेल. तुमच्याच मापट्याने, कारण कुठल्याही दोन घरांची मापटी एकसारखी नसतात. मी तक्ता करून देतो."

"किती दिवस लागतील?"

"पदार्थ किती?"

"बावीस."

"एका रविवारी एक." त्याने बोटांवर मोजले. "सप्टेंबरचा शेवटचा रविवार. त्यानंतर तीन दिवसांनी आमची गाडी."

"एका दिवसात चार-पाच नाही होणार?"

"सरकारी काम असतं तर झालं असतं," तो गंभीरपणे म्हणाला. "हे नीट करावं लागेल."

*

छत्रीबागेतल्या त्या घरी तो पहिल्या रविवारी आला तो काखेत तराजू आणि खिशात वजने घेऊन. चालताना खिसा वाजत होता. आबा ओसरीवर आरामखुर्चीत बसले होते.

"कुठले?"

"ग्वाल्हेरचा."

"म्हणजे शिंद्यांकडचे."

"आता मध्यभारताचा, साहेब."

"ते सहा महिने," आबा म्हणाले. "बसा. चहात साखर आमच्या अंदाजाने पडेल. तोलणार असाल तर आधीच सांगा."

आबांची थोरली बहीण जनाबाई घरात होती. तिने पाहुण्याचे जोडे, धोतर आणि तराजू या क्रमाने पाहिले आणि भानुमतीला आत येऊन म्हणाली, "मुलगा सीधा दिसतो गं. पण वजन करायला बोलावलंयस, ध्यानात ठेव. नाहीतर लोक उगाच नापतील-तोलतील."

स्वयंपाकघराच्या दारात पाट मांडला. मधे तराजू, या बाजूला भानुमती, त्या बाजूला तो. तिने पितळी मापट्यात रवा भरला, वर कळस होईल असा, आणि दाणे काठावरून ओघळले.

"ही शीग," ती म्हणाली. "आई अशीच भरायची."

"नक्की?"

"आईचा हात सढळ होता."

त्याने पट्टी घेऊन काठावरून फिरवली. कळस खाली परातीत पडला. "हे सपाट. दोन्ही तोलू. सपाटाला भरवसा असतो. शीग माणसागणिक बदलते."

"म्हणूनच शीग लावायची असते," भानुमती म्हणाली. "सपाट तर दुकानदारही देतो. तोही द्यायचा नाही, तुम्ही काटा धरून उभे राहता म्हणून."

"शीग मोजता येत नाही."

"मग मोजू नका की. अहो, काही गोष्टी घ्यायच्या नुसत्या."

त्याने तिच्याकडे पाहिले. पारडे हलले, त्याचा हात हलला असावा. मग त्याने जांभळ्या शाईने, कोऱ्या सरकारी फॉर्मच्या पाठीवर लिहिले: रवा, मापटे सपाट—सहा छटाक. शीग—सात.

"शिगेचा एक छटाक?" ती म्हणाली. "तोच तर सगळा फरक."

असे रविवार गेले. मे महिन्यात डाळी झाल्या. जूनमध्ये पिठे. बेसन चाळून आणि न चाळता दोनदा तोलावे लागले आणि त्याच्या भुवया पांढऱ्या झाल्या. भानुमती इतकी हसली की जनाबाई बघायला आली. "काय झालं?" "काही नाही आत्याबाई, हवा निघाली बेसनातली." जुलैत पावसाने खान नदी गढूळ फुगली तेव्हाही तो आला, छत्री तराजूवर धरून, स्वतः भिजत.

"अहो, डोक्यावर धरायची असते ती," ती म्हणाली.

"मी गंजत नाही."

"तेवढं कळतंय मला."

तिने टॉवेल पुढे केला. घेताना त्याची बोटे तिच्या बोटांना लागली आणि दोघेही एकदम म्हणाले, "मेतकूट!"—त्या दिवशीचा जिन्नस तोच होता.

रविवारी संध्याकाळी तो गेला की भानुमती तक्ता उंबऱ्यात बसून वाचत असे. तांदूळ, मापटे सपाट—सात छटाक. शीग—आठला एक तोळा कमी. जगात यापेक्षा प्रेमळ मजकूर पुष्कळ लिहिला गेला आहे. तो तिला कुणी दिला नव्हता, एवढेच.

*

सगळ्यात अडले ते रव्याच्या लाडवांवर. रव्याचे मापटे कळले होते, पण साखर 'वाट्या तीन' आणि पाकाला पाणी 'वाटी एक', आणि घरात वाट्या नऊ. उदयसिंहाने नऊही वाट्यांत साखर भरली, नऊ वजने काढली. लागोपाठ तीन रविवार, त्या दिवशीचा ठरलेला पदार्थ उरकून, एकेका वाटीने थोडे थोडे लाडू झाले. काही खलबत्त्यात गेले, काही वळेपर्यंतच विटा झाले.

"ह्यांत ती वाटी नाही," तो शेवटी म्हणाला. "साखर जास्त पडतेय. आईंची वाटी ह्या सगळ्यांहून लहान असली पाहिजे."

"वहिनीची वाटी?" जनाबाई दारातून म्हणाली. "काशाची होती. ती गेली त्या दिवशीपासून दिसली नाही बाई. त्या गर्दीत कुणी नेली असेल. सोडा आता."

ओसरीवर आरामखुर्ची करकरली.

पुढच्या रविवारी श्रावणातली झिमझिम होती. पाट मांडले, तराजू टांगला, आणि आबा स्वयंपाकघरात आले. ते तिथे कधी येत नसत. दाढी अर्धवट वाढलेली होती. त्यांनी पाटावर एक वाटी ठेवली—काशाची, लहान, काठाला एक पोचा. घासून आणली होती, तरी साबणाचा वास होता.

"ही बघा," ते म्हणाले.

भानुमती वाटीकडे बघत राहिली. तीन वर्षे रोज सकाळी आबा ओसरीवर आरशापुढे बसत, दाढीचे पाणी घेऊन. ते पाणी कशात आहे, हे तिने एकदाही पाहिले नव्हते.

"आबा, ही तुमच्याकडे..."

"इथे राहिली असती तर कुणीतरी वापरली असती," आबा म्हणाले. मग उदयसिंहाला म्हणाले, "तोला. आणि काम झालं की परत द्या. दाढी खोळंबली आहे."

साखर, आईची वाटी सपाट—सव्वादोन छटाक. तीन वाट्या, पावणेसात. भानुमतीने पाक केला, रवा घातला, आणि लाडू हातात असा वळला की तिला एकदम आईचा हातच हातात आल्यासारखे झाले. तिने बशी बाहेर नेली. आबांनी एक लाडू उचलला, अर्धा खाल्ला, उरलेला अर्धा बशीत नीट ठेवला आणि छत्री न घेता बाहेर पडले.

उदयसिंह तक्त्यात आकडा लिहीत होता. त्याची शाई ओली होती आणि तो त्यावर फुंकर घालत होता—जरुरीपेक्षा बराच वेळ.

"तुम्ही नसतात तर हे सापडलं नसतं," भानुमती म्हणाली.

"नऊ वाट्या तोलल्या की दहावी सापडतेच," तो म्हणाला. मग काही बोलेल असे वाटले. ओठ हलले. बाहेर पागोळ्या गळत होत्या... "पुढच्या रविवारी चकलीची भाजणी," तो म्हणाला.

*

देवासचे स्थळ जनाबाईने आणले होते. जयसिंगराव, तहसिलीत नाझर, नोकरी कायम. गणपतीत ते लोक बघून गेले आणि पसंतीही कळवली. माणूस चांगला होता. तक्रार करण्यासारखे त्यात काही नव्हते. भानुमतीला तेच अवघड जात होते.

"त्यांना उत्तर द्यायचं आहे," आबा म्हणाले. "भानू, तू सांग. तुझ्या मनात नसेल तर मी थांबवतो. फौजेत मी यापेक्षा मोठ्या लोकांना थांबवलंय."

"सप्टेंबरअखेर थांबवा, आबा."

आबांनी तिच्याकडे पाहिले. मग भिंतीवरच्या तक्त्याकडे. "शिंद्यांकडचा," ते म्हणाले, आणि मिशीत काहीतरी पुटपुटले. ते हसले होते, की ओठात मिशी आली होती, हे सांगणे कठीण.

शेवटच्या रविवारी बाविसावा पदार्थ झाला. तक्ता पुरा झाला. उदयसिंहाने खाली सही केली, तारीख घातली, वजने एकेक करून खिशात टाकली. बाहेर ऊन पिवळे झाले होते. आणखी तीन दिवसांनी गाडी होती.

भानुमतीने सगळा आठवडा वाक्य तयार केले होते. ते तिला आता आठवेना. समोर मापटे होते, त्यात तांदूळ होते.

"एक जिन्नस राहिला," ती म्हणाली.

"बावीस झाले."

"तेविसावा. वहीत नाही." ती तांदळात बोटे फिरवत राहिली. "नवी सून घरात येते तेव्हा... उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेवतात ना? ती पायाने लवंडते ते. तुमच्या घरी ते कसं भरतात? सपाट... की शीग?"

असे आणि इतके कुणी विचारल्यावर दगडालाही घाम फुटला असता. उदयसिंहाने पेन पुन्हा उघडले.

"हे बघावं लागेल," तो म्हणाला. "आमच्या घरी इतक्यात कुणी सून आली नाही. मी आईला विचारतो. विचारून कळवतो."

भानुमतीच्या हातातून मापटे निसटता निसटता राहिले.

"आईला... विचारणार?"

"विचारायलाच पाहिजे. तिच्याशिवाय कोण सांगणार?"

"लवकर कळवाल?"

"चौकशी करून, नक्की करून कळवतो. घाईत काहीतरी लिहिणं बरं नाही."

तो खिसा वाजवत गल्लीच्या वळणावर गेला आणि तिथून त्याने एकदा मागे वळून पाहिले. भानुमती धावत ओसरीवर आली.

"आबा, ते आईला विचारणार आहेत."

आबांनी चष्मा काढला. "आपण होऊन म्हणाला?"

"हो. म्हणाले, विचारायलाच पाहिजे."

"मग देवासला कळवतो, थोडं थांबा म्हणून," आबा म्हणाले. आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी दाढी दोनदा केली.

*

ऑक्टोबर गेला. दिवाळी आली, लाडू उत्तम झाले आणि सगळ्या आळीत वाटले गेले. टपालवाला रोज दुपारी बारा वाजता येई. भानुमतीला रोज बारा वाजता ओसरी झाडायची आठवण होई. जनाबाई म्हणाली, "ओसरीला भोक पडेल, बेटा."

देवासहून दुसरे पत्र आले, मग तिसरे. तिसऱ्यात नम्रपणे लिहिले होते की दुसरीकडून विचारणा आहे.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ग्वाल्हेरचे कार्ड आले. आबांच्या नावे, जांभळ्या शाईत. आबांनी ते न वाचता मुलीच्या हातात दिले.

'श्री. सुभेदारसाहेब यांस सा. न. वि. वि. तेविसाव्या जिनसाबाबत. आईस विचारले. आमचे घरी माप सपाट भरतात. तथापि एका घरावरून निष्कर्ष काढणे योग्य नसल्याने लष्कर भागातील आणखी सहा घरी समक्ष जाऊन चौकशी केली, त्यामुळे विलंब झाला. एकूण सातांपैकी पाच घरी सपाट, दोन घरी शीग. सरासरी सात छटाक एक तोळा. तक्त्यात नोंद करून घ्यावी. कळावे, लोभ असावा.'

भानुमतीने कार्ड उलटून पाहिले. मागे पत्ता होता. पुन्हा सुलट केले. लोभ असावा, असे सगळेच लिहितात. विजेच्या कंपनीलाही लिहितात.

"काय म्हणतो?" आबांनी विचारले.

"सात छटाक एक तोळा."

रस्त्यावरून टांगा गेला, त्याचा आवाज पार बड़ा गणपतीपर्यंत जाऊन विरला.

"आईला काय विचारलं त्याने?" आबा म्हणाले.

"मी जे विचारलं होतं तेच," भानुमती म्हणाली. ती आत गेली, भिंतीवरचा तक्ता काढला, आणि सर्वांत खाली, स्वतःच्या अक्षरात तेविसावी ओळ लिहिली. सांगितले होते तसेच. मग बाहेर येऊन म्हणाली, "देवासला हो कळवा."

"भानू, मी ग्वाल्हेरला जाऊन येऊ का? बाप म्हणून विचारतो त्याला. तराजू हिसकावून घेतो आणि विचारतो."

"नको आबा. मी विचारलं होतं. दोनदा विचारायचं नसतं."

साखरपुडा आठवड्याने झाला, लग्न फेब्रुवारीत. देवासच्या उंबऱ्यावर माप होते. सासूने ते पट्टीने सपाट केले होते, कारण तिला नीटनेटकेपणा आवडे. भानुमतीने उजव्या पायाने ते हलकेच लवंडले. तांदूळ फार दूर गेले नाहीत.

*

एप्रिलच्या मध्याला सचिवालय इंदूरला आले. भानुमती चैत्रातल्या हळदीकुंकवासाठी माहेरी आली होती. परातीत डाळ भिजलेली होती, कैरी किसायची होती, आणि ओसरीवरून ओळखीचा आवाज आला—खिशातल्या वजनांचा.

तो उंबऱ्यापाशी थांबला. काखेत या वेळी तराजू नव्हता. हातात पिशवी होती, आणि अंगात इस्त्रीचा कोट. कोटात तो उसना वाटत होता. त्याने तिच्याकडे पाहिले, गळ्यातल्या काळ्या मण्यांकडे पाहिले, आणि त्याची मान जी वाकलेलीच असे ती थोडी आणखी वाकली.

"तक्ता... पडताळून बघावा म्हणून आलो होतो," तो म्हणाला.

"बसा," भानुमती म्हणाली.

आबांनी आरामखुर्ची सोडली, हळदीकुंकवाला पाने आणायची आहेत असे कुणी न सांगता म्हणाले, आणि निघून गेले. जनाबाई आत भांडी वाजवत राहिली.

"पिशवीत काय आहे?"

"काही नाही."

तिने पिशवी ओढून उघडली. आत पितळी मापटे होते. जुने, घासून लख्ख केलेले.

"आईचं आहे," तो म्हणाला. "तिने दिलं. म्हणाली, घेऊन जा आणि... नीट विचार."

भानुमतीने मापटे पाटावर ठेवले. कैरीचा वास सगळीकडे भरला होता.

"सात घरं झाली होती," तो खाली बघत म्हणाला. "सातांनी भागाकार सुटेना. म्हटलं, आठ घेतली तर सोपा पडेल. आठव्या घरी खरंच लग्न होतं. मी माप तोलायला बसलो होतो, तेवढ्यात वरात आली. सून दारात. मला म्हणाले, सरका. मी तराजू घेऊन बाजूला झालो. तिने पाय लावला... तांदूळ सगळे माझ्या पायांवर आले." तो थांबला. "तेव्हा कळलं, तुम्ही काय विचारलं होतं."

"आठव्या घरी."

"हो."

"मला पहिल्याच रविवारी कळलं होतं," भानुमती म्हणाली.

त्याने खिशातली वजने चाचपली.

"मग कार्ड का टाकलं?"

"ते आधीच टाकलं होतं. तात्पुरतं होतं ते. अंतिम आकडा नंतर..."

"आणि नंतर लिहिलं का नाही?"

"अशी गोष्ट कार्डावर कशी लिहायची? सगळे वाचतात."

"पाकिटं मिळतात ग्वाल्हेरला."

"मिळतात," तो म्हणाला.

आतले भांडे वाजायचे थांबले होते.

"मला समोर येऊन बोलायचं होतं. दुसऱ्याच दिवशी रजेचा अर्ज दिला. पण मंजूर करणारे साहेब इमारतीवर देखरेखीला इंदूरलाच थांबले होते. अर्ज इकडे आला, शेऱ्यासाठी तिकडे गेला, परत इकडे आला. मार्चच्या अखेरीस मंजूर झाला. तोवर सगळं ऑफिसच निघालं होतं." त्याने घसा साफ केला. "देवासला... बरं आहे ना?"

"बरं आहे. माणूस चांगला आहे. मी आजारी पडले तर स्वतः चहा करतो."

"हां. चांगलं आहे," तो म्हणाला, आणि ते त्याने इतक्या मनापासून म्हटले की भानुमतीला वळून कैरीकडे बघावे लागले.

तो उठला. त्याने मापट्याला हात घातला तशी ती म्हणाली, "थांबा. माप रिकामं परत न्यायचं नसतं."

तिने कणगीतून तांदूळ घेतले आणि भरू लागली. काठापर्यंत आले. ती थांबली नाही. ओंजळीने वर घालत राहिली. कळस झाला, कळसावर कळस, दाणे काठावरून ओघळून पाटावर पडू लागले, त्याच्या पायांवर पडू लागले. त्याने पट्टी काढली नाही. नुसता उभा राहिला.

"ही शीग," भानुमती म्हणाली.

"हो," तो म्हणाला. "मोजता येत नाही."

त्याने ते मापटे दोन्ही हातांत धरले आणि तो गल्लीतून गेला, एकेक पाऊल सांभाळून टाकत, दाणा सांडू नये म्हणून. वळणावर त्याने मागे पाहिले नाही. पाहिले असते तर तांदूळ सांडले असते. भानुमती तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिली, मग पाटावरचे तांदूळ वेचायला बसली. ते वेचून झाले तरी बसून राहिली. संध्याकाळी बायका आल्या, डाळ छान झाली म्हणाल्या, प्रमाण विचारले, आणि तिने तक्ता बघून सांगितले.

छप्पन्न साली मध्यभारत गेले, राजधानी एकच झाली आणि तीही भोपाळला. त्यानंतर दोन वर्षांनी किलोग्रॅम आले, आणि तक्त्यातला एकही आकडा उपयोगाचा राहिला नाही.